पडद्याला काठ बांधताना: रोजच्या डिजिटल वापराला शिस्त लावण्याची सुरुवात

वर्तमानपत्राला शेवटचं पान असतं. रेडिओवरच्या बातम्या ठरल्या वेळेला संपतात. पुस्तकाचं प्रकरण संपतं, कॅसेटची एक बाजू संपते, चित्रपट संपला की दिवे लागतात. माणसं पूर्वीही या सगळ्यात रमायची, पण प्रत्येक माध्यमाला काठ होता. काठ आला की मान वर व्हायची आणि एक छोटासा प्रश्न पडायचा: उठायचं, की अजून थोडं बसायचं? हातातल्या फोनवर हा प्रश्न पडायची जागाच उरलेली नाही.

ती जागा कशी गेली हे आधी समजून घ्या, नाहीतर सगळा दोष तुम्ही स्वतःच्या इच्छाशक्तीला देत बसाल. एझा रास्किन या डिझायनरने २००६ साली कधीच न संपणाऱ्या पानाची रचना केली. पुढचा मजकूर पाहायला दर वेळी बटण दाबायला लागू नये, एवढाच त्यामागचा हेतू होता. पुढे त्याचे परिणाम पाहून त्यानेच जाहीरपणे खंत व्यक्त केली. मग एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू व्हायला लागला, बोटाने पडदा खाली ओढला की नवं काहीतरी यायला लागलं. त्या 'काहीतरी'त गंमत अशी की ते कधी रटाळ निघतं, कधी खिळवून ठेवतं. बक्षीस नेमकं कधी मिळेल हे ठाऊक नसेल तर प्राणी कळ दाबतच राहतो, हे बी. एफ. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ सालीच सविस्तर मांडलं होतं.

त्यामुळे या लेखातल्या सगळ्या पायऱ्यांमागे एकच काम आहे: गेलेले काठ पुन्हा बांधायचे. 'उद्यापासून रोज फक्त दोन तास' असा आकडा ठरवून सुरुवात करू नका. मी तशी सुरुवात दोनदा केली आणि दोन्ही वेळा आठवड्याभरात थकले. आकडा दिवसभर डोक्यात वागवावा लागतो, सारखा हिशोब करावा लागतो. काठ एकदा बांधला की तो आपलं काम आपण करतो. साधारण चार आठवडे हाताशी ठेवा आणि एका सुट्टीच्या दिवशी सगळं उरकायचा मोह टाळा.

पहिला आठवडा: फक्त बघा

या आठवड्यात काहीही बंद करायचं नाही, काही डिलीट करायचं नाही. फोनच्या सेटिंग्जमध्ये जा. अँड्रॉइडवर 'डिजिटल वेलबीइंग' आणि आयफोनवर 'स्क्रीन टाइम' नावाचा विभाग सापडेल. दोन्ही २०१८ साली आले. तिथे एकूण वेळ दिसतो, पण त्या आकड्यावर फार विसंबू नका. नकाशा लावून केलेला तासाभराचा प्रवास, दूरच्या माणसाशी झालेला व्हिडिओ कॉल, फोनवर वाचलेलं पुस्तक, हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. चार तासांचा आकडा पाहून घाबरायचं कारण नाही आणि दीड तासाचा पाहून निश्चिंत व्हायचंही नाही.

त्यापेक्षा बोलका आकडा म्हणजे दिवसात फोन किती वेळा अनलॉक केला हा. आयफोनवर आणखी एक गोष्ट दिसते: फोन उचलल्यावर सगळ्यात आधी कोणतं ॲप उघडलं. ती यादी नीट वाचा. तुमचं बोट सवयीने कुठे जातं, ते तिथे कळतं.

यंत्राला एक गोष्ट मोजता येत नाही, ती म्हणजे तुम्ही फोन का उचललात. त्यासाठी दोन दिवस एक कागद खिशात ठेवा. तीन रकाने पुरेत: किती वाजता उचलला, कशासाठी उचलला आणि प्रत्यक्षात काय केलं. प्रत्येक वेळी लिहिणं जमणार नाही, निम्म्या वेळा जमलं तरी चालेल. माझ्या कागदावर जे उमटलं ते मला अजिबात अपेक्षित नव्हतं. माझी समजूत होती की रात्रीचे व्हिडिओ हा माझा मुख्य प्रश्न आहे. कागद सांगत होता की एक काम संपून दुसरं सुरू होण्याच्या मधल्या फटीत मी फोन उचलते, आणि दहा मिनिटांनी ते दुसरं काम सुरू करायचा उत्साहच गेलेला असतो. अशा फटी दिवसात पंधरा-वीस होत्या. तुमच्या कागदावर वेगळं चित्र निघेल. पण ते चित्र हाताशी नसताना पुढच्या पायऱ्या चढल्या तर दुसऱ्याच्या आजाराचं औषध घेतल्यासारखं होईल.

तीन ढीग

आठवड्याच्या शेवटी फोनवर जे जे काही करता त्याचे तीन ढीग करा. सगळ्यात जास्त विचार इथे करावा लागतो, म्हणून थोडं रेंगाळू या.

पहिला ढीग हत्यारांचा. बँक, नकाशा, कॅमेरा, तिकीट, कॅलेंडर, फोन कॉल. आपण काम घेऊन जातो, काम झालं की परत येतो. यांना मर्यादा लावण्यात वेळ घालवू नका.

दुसरा ढीग निवडलेल्या गोष्टींचा. एखादा चित्रपट, एखादं व्याख्यान, मालिकेचा एक भाग, एक लांब लेख, ठरवून ऐकलेला पॉडकास्ट. इथे दोन खुणा असतात: उघडण्याआधीच काय पाहायचं हे ठरलेलं असतं, आणि त्या गोष्टीला शेवट असतो. या ढिगाबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. दोन तासांचा चांगला चित्रपट मन लावून पाहणं आणि दोन तास रील्स सरकवणं, यांना केवळ पडदा एक आहे म्हणून एकाच तागडीत घालणं मला पटत नाही.

तिसरा ढीग वाहत्या गोष्टींचा. फीड, रील्स, शॉर्ट्स, बातम्यांचं सतत ताजं होणारं पान, मोठ्या ग्रुपांमधली अखंड बडबड, खरेदीच्या ॲपमध्ये उगाच फिरणं. इथे काय येणार हे आपण ठरवत नाही आणि ते संपत नाही. मर्यादा हवी ती फक्त या ढिगाला.

घोटाळा होतो तो असा की एकच ॲप दोन ढिगांत बसतं. व्हिडिओच्या ॲपवर नळ कसा दुरुस्त करायचा हे शोधून पाहिलं तर ते हत्यार. तेच ॲप उघडून पहिल्या पानावर काय सुचवलंय ते बघत बसलं तर तो वाहता ढीग. मेसेजिंग ॲपमध्ये बहिणीचं उत्तर वाचणं वेगळं आणि त्याच ॲपमध्ये लोकांचे स्टेटस एकामागून एक बघणं वेगळं. म्हणून यादी ॲपच्या नावांची करू नका, कृतींची करा. 'व्हिडिओ ॲप बंद' असं लिहिण्यापेक्षा 'व्हिडिओ ॲपचं पहिलं पान बंद, शोधणं चालू' असं लिहा. सगळं ॲपच बंद करणाऱ्याला तिसऱ्या दिवशी खरंच काहीतरी शोधायची गरज पडते, तो ॲप परत घेतो, आणि त्यासोबत सगळा पूर परत येतो.

दुसरा आठवडा: कोण हाक मारू शकतं

आता नोटिफिकेशन. इथे एकच कसोटी लावा: या आवाजामागे माझ्या उत्तराची वाट पाहणारा जिवंत माणूस आहे का? असेल तर आवाज राहू दे. 'तुम्ही बरेच दिवस आला नाहीत', 'अमक्याने फोटो टाकला', 'आजची खास सवलत' या हाका यंत्राच्या आहेत, त्या बंद करा. एकेक ॲप शोधत सेटिंग्जमध्ये भटकायची गरज नाही. नोटिफिकेशन आलं की त्यावर बोट दाबून धरा किंवा ते बाजूला सरकवा. गप्प करायचा पर्याय तिथेच मिळतो. आठवडाभर असं करत गेलात की बहुतेक सगळी गळती बुजते. ॲपच्या चिन्हावरचे लाल आकडेही काढून टाका, ते आवाज न करता हाक मारत असतात.

मात्र सगळं एकदम बंद करू नका, आणि हे मी घाबरवायला सांगत नाहीये. नोटिफिकेशन दिवसातून तीन वेळा एकगठ्ठा दिली तर काय होतं, हे तपासणारा एक प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. तीन गठ्ठे मिळणाऱ्यांना लक्ष लागणं, मनःस्थिती आणि वेळेवरचा ताबा यांत फरक जाणवला. ज्यांची नोटिफिकेशन पूर्ण बंद केली होती त्यांना मात्र तसा फायदा झाला नाही, उलट आपलं काहीतरी सुटतंय ही धास्ती वाढली. याचा अर्थ मन शांत व्हायला 'कळणारच नाही' यापेक्षा 'अमुक वाजता कळेल' ही खात्री जास्त उपयोगी पडते. आयफोनवर २०२१ पासून असे गठ्ठे ठरावीक वेळी देणारी 'शेड्यूल्ड समरी' आहे. ती सोय तुमच्या फोनवर नसेल तर सगळं सायलेंट करून स्वतःच तीन वेळा ठरवून बघा, परिणाम जवळपास तोच.

ग्रुपांसाठी म्यूट आणि अर्काइव्ह हे दोन्ही वापरा. नुसता म्यूट केलेला ग्रुप यादीत वर येत राहतो आणि बोट त्यावर पडतं. अर्काइव्हमध्ये टाकलेला ग्रुप नजरेआड राहतो, आणि तुम्ही तो असा बाजूला ठेवल्याची सूचना कोणाला जात नाही, म्हणून वाईट वाटायचाही प्रश्न येत नाही. त्याच सेटिंग्जमध्ये फोटो आणि व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद करून टाका.

राहता राहिली भीती, की घरून काही तातडीचं आलं तर? त्यासाठी 'डू नॉट डिस्टर्ब'मध्ये मोजक्या माणसांचे कॉल चालू ठेवता येतात, आणि एकाच नंबरवरून लागोपाठ दुसऱ्यांदा कॉल आला तर तो वाजू द्यायचाही पर्याय असतो. मग जवळच्या पाच-सहा जणांना स्पष्ट सांगून टाका: 'तातडीचं असेल तर मेसेज नको, सरळ फोन कर.' हे एक वाक्य बोलल्यावर माझं निम्मं डोकावणं थांबलं. वारंवार फोन बघण्यामागे बहुतेक वेळा करमणुकीची ओढ नसते, कोणाला तरी आपली गरज असेल ही काळजी असते, आणि त्या काळजीला खरंखुरं उत्तर मिळालं की ती ओसरते.

जागा, आणि मग वेळ

हा सगळ्या लेखाचा गाभा. लोक आधी मिनिटं ठरवतात. माझं म्हणणं आहे की आधी जागा ठरवा.

फोनचं रात्रीचं ठिकाण झोपायच्या खोलीबाहेर असावं. चार्जर तिकडेच लावून टाका आणि गजरासाठी साधं घड्याळ आणा. 'गजर फोनवर लावावा लागतो' हे एक कारण गेलं की उशाशी फोन ठेवायचं समर्थन फार उरत नाही. झोपेआधी उजेड फेकणाऱ्या उपकरणावर वाचणाऱ्यांमध्ये मेलाटोनिन हे झोपेशी निगडित संप्रेरक उशिरा स्रवतं, झोप लागायला जास्त वेळ लागतो आणि सकाळी सुस्ती राहते, असं २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं होतं. त्यावरून अनेकजण पडद्याचा रंग पिवळा करतात आणि समाधान मानतात. मला वाटतं, झोप मोडण्यात उजेडापेक्षा न संपणाऱ्या मजकुराचा वाटा मोठा आहे. पडदा पिवळा असला तरी फीड संपत नाही.

दिवसा फोनला एक 'घर' द्या: एखादा फडताळाचा कप्पा, दारापाशी असलेलं टेबल. घरात असताना फोन तिथे, आवाज चालू. वापरायचा तर तिथे जाऊन, शक्यतो उभ्याने. जुन्या तारेच्या फोनसारखं. चार पावलं चालायची तयारी नसेल तर त्या वेळी फोनची गरज नव्हती असं समजायला हरकत नाही. जेवणाचं टेबल आणि पलंग या दोन जागी फोन नाही, एवढे दोन नियम सुरुवातीला पुष्कळ झाले.

आता वेळ. वाहत्या ढिगासाठी दिवसातून दोन खिडक्या ठरवा. एक वीस मिनिटांची, एक अर्ध्या तासाची. खिडकीत काय पाहायचं यावर कसलंही बंधन नको, मनसोक्त बघा. खरी युक्ती खिडकी कुठे ठेवायची यात आहे. तिच्या मागे भिंत हवी. म्हणजे खिडकी अशा वेळी ठेवा की तिच्या शेवटी बाहेरचं काहीतरी आपोआप येऊन उभं राहील: दुपारचं काम सुरू होण्याआधीची वीस मिनिटं, मुलांना आणायला निघण्याआधीचा अर्धा तास, ठरलेल्या फोनच्या आधीचा वेळ. रात्री जेवणानंतरची खिडकी ठेवलीत तर तिच्या मागे भिंत नाही, नुसती रात्र आहे. नवख्या माणसाची शिस्त सगळ्यात जास्त वेळा तिथेच मोडते.

खिडकी थोडक्यात असावी याला आधार आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २०१८ साली १४३ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. त्यातल्या एका गटाला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट यांचा वापर रोज प्रत्येकी १० मिनिटांवर आणायला सांगितलं. तीन आठवड्यांनी या गटात एकटेपणा आणि नैराश्याची लक्षणं कमी झालेली दिसली. त्यांना काहीही सोडायला सांगितलं नव्हतं, हे मला त्यात महत्त्वाचं वाटतं.

बातम्यांना त्यांची वेगळी वेळ द्या, दिवसातून दोनदा, आणि शक्यतो अशा रूपात ज्याला शेवट आहे: छापील अंक, ई-पेपर, ठरलेलं बातमीपत्र. दर तासाला येणारी 'ताजी' बातमी संध्याकाळपर्यंत बहुधा एका परिच्छेदात मावते.

कामाच्या वेळेबद्दल एक गोष्ट. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ साली दाखवलं की एका कामावरून दुसऱ्यावर गेल्यावर लक्षाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो. त्यामुळे 'एक मिनिट फक्त डोकावतो' यातला एक मिनिट खरा एक मिनिट नसतो, विशेषतः जे पाहिलं ते अर्धवट राहिलं असेल तर. अवघड काम करताना फोन सायलेंट करून टेबलावर ठेवण्यापेक्षा दुसऱ्या खोलीत ठेवा.

जागा आणि वेळ ठरल्या की त्या वाक्यात लिहून काढा, आणि वाक्याला 'जेव्हा' आणि 'तेव्हा' असे दोन भाग हवेत. 'मी फोन कमी वापरेन' हे वाक्य काही कामाचं नाही. 'जेव्हा मी घरात शिरेन, तेव्हा चप्पल काढल्या काढल्या फोन कप्प्यात ठेवेन' हे कामाचं. पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात अशा वाक्यांचा अभ्यास करून दाखवलं की ठरवलेली गोष्ट प्रत्यक्षात होण्याची शक्यता त्याने बरीच वाढते. अशी तीन वाक्यं लिहा. दहा लिहिलीत तर एकही आठवणार नाही.

तिसरा आठवडा: यंत्राकडून काम करून घ्या

ज्या यंत्रातून काठ काढले गेले त्याच यंत्रात ते परत बसवायची थोडीफार सोय आहे, फक्त ती शोधावी लागते.

ऑटोप्ले सगळीकडे बंद करा. मालिका बघायच्या ॲपवर 'पुढचा भाग आपोआप सुरू' हा पर्याय प्रोफाइलच्या सेटिंग्जमध्ये असतो. यूट्यूबवर पाहिलेल्या व्हिडिओंची नोंद, म्हणजे वॉच हिस्टरी, बंद करून आधीची पुसली तर पहिल्या पानावरच्या शिफारशी जवळजवळ नाहीशा होतात. २०२३ पासून असं आहे. पान रिकामं दिसतं, वर शोधायची पट्टी असते, आणि ॲप पुन्हा पहिल्या ढिगात येऊन बसतं. या एका बदलाने जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कुठल्या सेटिंगने पडलेला मी पाहिला नाही. इन्स्टाग्रामवर २०२२ पासून 'फॉलोइंग' हा पर्याय आहे. त्यात फक्त तुम्ही निवडलेल्या लोकांचं, ताजं आधी अशा क्रमाने दिसतं आणि बरंच लवकर संपतं.

ॲपला टायमर लावता येतो. मात्र आयफोनवर वेळ संपल्यावर येणाऱ्या पडद्यावर 'आजच्यापुरतं दुर्लक्ष करा' असंही बटण असतं, आणि चार दिवसांत बोट न बघता ते दाबायला शिकतं. उपाय असा की स्क्रीन टाइमचा पासकोड घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी ठेवायला सांगा. वेळ वाढवून हवी असेल तर त्यांना विचारायचं. विचारताना जो क्षणभराचा संकोच होतो, तोच तुमचा काठ.

आणखी दोन-तीन छोट्या गोष्टी. वाहत्या ढिगातली ॲप फोनवरून काढून फक्त कॉम्प्युटरवर, ब्राउझरमधून वापरा, आणि दर वेळी लॉग आउट करा. पडदा काळा-पांढरा करा: २०२० सालच्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांचा रोजचा वापर त्याने सरासरी ३८ मिनिटांनी कमी झाला होता. माझ्या बाबतीत हा उपाय महिनाभर चालला, मग सवय झाली. तुमच्या बाबतीत जास्त टिकेल कदाचित, करून बघण्यात काही जात नाही.

हात रिकामे झाल्यावर

इथवर आलात की दिवसात रिकामी जागा दिसायला लागेल आणि ती सुरुवातीला अजिबात सुखाची वाटत नाही. हात सारखा खिशाकडे जातो. अस्वस्थ वाटतं. त्या वेळी 'छंद जोपासा' हा सल्ला मला नेहमीच अपुरा वाटत आला आहे, कारण फोन उचलण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि एका छंदाने ती सगळी भागत नाहीत.

पहिल्या आठवड्यातला कागद बाहेर काढा. थकून फोन उचलत असाल तर पडून राहा, डोळे मिटा, दहा मिनिटं काहीच करू नका. थकलेल्या डोळ्यांपुढे आणखी चित्रं नेऊन त्यांना विश्रांती मिळत नाही. एकटं वाटून उचलत असाल तर फीड बघू नका, एका माणसाला फोन लावा. त्याचं बोलणं पाच मिनिटांत संपलं तरी ते बोलणं तुमच्यासाठी असतं. अवघड काम टाळायला उचलत असाल (माझ्या फटींचं कारण हेच निघालं) तर त्या कामाची इतकी छोटी सुरुवात ठरवा की टाळायचं कारणच उरू नये: फाइल उघडायची आणि एक ओळ लिहायची. नुसता कंटाळा आला असेल तर मात्र त्याला थोडं राहू द्या. रांगेत, लिफ्टमध्ये, सिग्नलला उभं असताना दोन मिनिटं काही न करता उभं राहणं हे शिकण्यासारखं कौशल्य आहे. आठवडाभरात जमतं, आणि कितीतरी अडलेले विचार अशाच वेळी सुटतात.

पर्याय हाताच्या अंतरावर ठेवा. ज्या खुर्चीत बसून स्क्रोल करत होता त्या खुर्चीशेजारी पुस्तक, शब्दकोडं, विणकाम, वाद्य, जे तुमचं असेल ते. कपाटात ठेवलेला पर्याय फोनपुढे टिकत नाही.

घरातली इतर माणसं

एकट्याने नियम पाळणं कठीण, सोबत कोणी असेल तर सोपं. पण घरच्यांना उपदेश करून सोबत मिळत नाही. स्वतः पंधरा दिवस करा, मग फक्त एक गोष्ट मागा: जेवताना सगळ्यांचे फोन एका जागी. लहान मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलेली मर्यादा स्पष्ट आहे: दोन वर्षांखालच्या मुलांना पडद्यासमोर बसवू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तितकं चांगलं. त्याहून मोठ्या मुलांबरोबर नियम बसून ठरवा आणि तुमच्यासाठीचे नियमही त्याच कागदावर लिहा. मूल ते वाचून तुम्हाला टोकेल. टोकू द्या.

झोप, नोकरी, शिक्षण किंवा नाती बिघडताना दिसत असूनही थांबताच येत नसेल, तर हा लेख पुरेसा नाही. गेम खेळण्याचा असा विकार जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत नोंदलेला आहे. मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाची मदत घ्यायला वाट बघू नका.

चौथ्या आठवड्यापासून: मोडणार, तेव्हा

मोडेलच. एखाद्या रात्री दोन वाजेपर्यंत फोन हातात राहील. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी सवयी कशा लागतात याचा अभ्यास केला. एखादी नवी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कोणाला १८ दिवसांत जमलं तर कोणासाठी अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. त्यात असंही दिसलं की मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा परिणाम होत नाही. त्यामुळे घसरलेल्या रात्रीनंतर सकाळी उठून नवे कडक नियम करू नका. जुनेच तीन नियम त्या दिवशी पुन्हा पाळा.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, दहा मिनिटं बसा. कोणता काठ टिकला, कोणता फुटला एवढंच बघा. तोच काठ तीन आठवडे सलग फुटत असेल तर तो चुकीच्या जागी बांधलाय. खिडकी दुपारी हलवा, कप्पा बदला, टायमरऐवजी ॲपच काढा. स्वतःला कोसत बसण्यापेक्षा जागा बदलून बघणं केव्हाही उपयोगी.

अपवादही लागतील. घरात कोणी आजारी असेल, प्रवास असेल, जवळ कुठे आपत्ती आली असेल आणि क्षणाक्षणाची खबर खरोखरच हवी असेल. अशा वेळी नियम बाजूला ठेवा, पण मनातल्या मनात ठेवू नका. नियमांच्या कागदावर अपवाद लिहा, आणि त्याच्यापुढे तो कोणत्या तारखेला संपणार तेही लिहा.